सोनाकाकीची विनंती

आमच्या घरात दोन वह्या असायच्या. एक आईची, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला दोरीने टांगलेली. घरातलं काय संपत आलं ते तिच्यात लिहायचं: मीठ, काड्यापेटी, चहापत्ती, वाळवलेली अंबाडी. दुसरी बाबांची, निळ्या पुठ्ठ्याची, कपाटात पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, शेजारी ठेवलेली. तिच्यात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या लोकांच्या विनंत्या असत. दोन्ही वह्या लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि मला याद्या करायला आवडायचं. अजूनही आवडतं. आज मी आदिलाबादला मुलींच्या एका वसतिगृहाची वॉर्डन आहे आणि तिथली प्रत्येक यादी माझ्या हातची आहे. पण या प्रकरणात मला फक्त निळ्या वहीबद्दल लिहायचं आहे, आणि दहावीत असताना मी तिचा जो वापर केला त्याबद्दल.

महाराष्ट्राच्या सीमेलगत, तलमडुगूकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच होती. बाबा जवळच्या दवाखान्यात ड्रेसर होते. जखम धुणं, पू काढणं, पट्टी बांधणं हे त्यांचं काम. त्यांच्या बोटांना कायम स्पिरीटचा वास यायचा आणि भाकरी मोडतानाही तो जायचा नाही. रविवारी सकाळी चर्चच्या आवारात घंटेऐवजी टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा वाजायचा. मग आई चुलीतली लाकडं मागे ओढून कोंबडीचा रस्सा निखाऱ्यावर ठेवायची, झाकणावर पाण्याचा गडवा ठेवायची आणि आम्ही निघायचो. चर्च म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांब खोली. डाव्या हाताला बायकांच्या सतरंज्या, उजव्या हाताला पुरुषांच्या. आधी मराठी उपासना, तिच्यामागून तेलुगू लोकांची. ते लोक बाहेर कडुलिंबाखाली येऊन थांबलेले असत, त्यांची लहान मुलं खिडकीच्या गजांना लटकत, आणि आमचे पास्टर सारखे घड्याळाकडे पाहत.

उपदेश संपला की साक्ष आणि विनंती. ज्याला बोलायचं त्याने जागेवर उभं राहायचं, आठवड्यात देवाने काय केलं ते सांगायचं आणि शेवटी आपल्याला काय हवं ते सांगायचं. मी पुढच्या सतरंजीवर बसून लिहायची. या विनंत्यांवर नुसती प्रार्थना होत नसे. पुढच्या रविवारच्या आत कोणीतरी त्या घरी जाऊन यायचं, असा आमच्या मंडळीचा नियम होता. बहुतेक वेळा बाबाच सोमवारी सायकलवर जात. ताप असेल तर गोळ्या घेऊन, जखम असेल तर कापूस आणि औषध घेऊन. जाऊन आले की विनंतीपुढे लाल पेन्सिलीने एक खूण करत. खूण नसलेली विनंती वहीत दिसली की त्यांचं जेवणात लक्ष लागत नसे. घरं एकमेकांपासून लांब होती, लोक दिवसभर शेतात, कोणाचं काय चाललंय ते कळायचा हाच एक मार्ग होता. जो उभा राहिला नाही त्याचं दुखणं कोणाला कळत नसे. हे वाचकाने लक्षात ठेवावं, कारण पुढचं सगळं यावर आहे.

सोनाकाकी आमच्या नात्यातल्या नव्हत्या. एकट्या विधवा बाई, दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जात, घरी एक शेळी. त्यांच्या माहेरचं सासरचं कोणीच ख्रिस्ती नव्हतं आणि चर्चला यायला लागल्यापासून त्यांच्याकडे कोणी येतही नव्हतं. त्या साक्ष द्यायला उभ्या राहिल्या की पुरुषांच्या बाजूला खाकरणं सुरू व्हायचं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली पाहत त्या सुरू करायच्या.

"मंग मी सकाळी उठलो. शेळी सोडाले गेलो, तं शेळी दोर तोडून पऱ्हाटीत. मंग तिच्या मागं गेलो. तेवढ्यात गुडीहत्नूरची बस निघून गेली. कंडक्टर म्हने, काकी, तुमी रोजच उशीर करता. मी म्हटलं, बाप्पा, मी काय करू, शेळीले समजते काय बसचा टाइम?"

शेळी, बस, कंडक्टर, शेजारणीचा चुलीचा धूर, असं सगळं फिरून झालं की आवाज एकदम बारीक व्हायचा. "अन् चार दिवसांपासून डोकं दुखून राह्यलं. थोडी प्रार्थना करा. एवढंच हाय, बसतो मी."

मी एकदा घरी कुरकुर केली की काकींची विनंती एका ओळीची असते आणि हात माझा पानभर दुखतो. बाबा सायकलची चेन पुसत होते. ते म्हणाले, "तिले मागाची लाज वाटते वो. एकदम दुखणं सांगता येत नाही. म्हणून पहिले शेळी येते, मंग बस येते, मंग हिंमत येते. तू शेळीही लिही." म्हणून मी शेळीही लिहीत गेले. म्हणजे काकी तशा का बोलतात हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं मी कधीही म्हणू शकत नाही.

मला नकला छान यायच्या. हेडमास्तरांचं मराठी वळणाचं तेलुगू, पास्टरांचा उपदेशाआधीचा खोकला, दवाखान्यातल्या नर्सबाईंची चाल. आई भाकरी थापता थापता हसून तव्यावर वाकायची. शाळेत मी काळी आणि उंच म्हणून पोरी माझ्यापासून अंतर ठेवून असत. नकला सुरू केल्या तेव्हा त्या जवळ येऊन बसायला लागल्या. त्या वर्षी नाताळचा कार्यक्रम बसवायचं काम पास्टरांनी माझ्यावर टाकलं. मी वेळांसकट यादी केली. पाळणागीत आणि मेंढपाळांचं नाटक यांच्यामध्ये कपडे बदलायला वेळ लागणार होता. त्या रिकाम्या जागेत मी लिहिलं: नक्कल, एस्तेर, सात मिनिटं. एस्तेर म्हणजे मी; काकी मला इस्तर म्हणत.

मग निळी वही काढली आणि काकींच्या वर्षभराच्या साक्षी पाठ केल्या.

काकींची एक हिरवी लोकरी शाल होती, एका कोपऱ्याला चुलीने जळलेली. थंडीत त्या ती डोक्यावरून घेऊनच चर्चला येत. मी त्यांच्या घरी गेले.

"काकी, तुमची शाल पाहिजे होती. नाताळच्या कार्यक्रमाले."

"मेंढपाळाले काय?"

"हाओ."

त्यांनी दोन दिवस मागून घेतले. शाल धुऊन, वाळवून, घडी करून वर्तमानपत्रात बांधून स्वतः आणून दिली. "मेंढपाळाले थंडी नाही वाजली पाहिजे," असं म्हणून हसल्या.

नाताळच्या दुपारी जेवणं झाली, करंज्या वाटून झाल्या, चर्च गच्च भरलं. तेलुगू मंडळीही आली होती. मी हिरवी शाल डोक्यावरून घेतली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि खाली पाहत म्हटलं, "मंग मी सकाळी उठलो." पुढचं वाक्य मला ओरडून म्हणावं लागलं, इतकं लोक हसले. शेळी आली, बस गेली, कंडक्टर बोलला. पास्टर चष्मा काढून डोळे पुसत होते. शेवटी मी आवाज बारीक केला. काकींचा आवाज जसा व्हायचा अगदी तसा. "अन् शेळीले सर्दी झाली. थोडी प्रार्थना करा. एवढंच हाय, बसतो मी." टाळ्यांनी पत्रे वाजले. मी काकींकडे पाहिलं. त्याही हसत होत्या, तोंडावर पदर धरून. मला वाटलं, झालं, त्यांनाही आवडलं.

बाबा हसत नव्हते, हे मला नंतर कळलं; त्या दिवशी मला त्यांच्याकडे पाहायला सवड नव्हती.

शाल परत द्यायला गेले तेव्हा काकी दाराशी बसून तुरी पाखडत होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी शाल घेतली. म्हणाल्या, "इस्तर, मी असंच बोलतो काय वो?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. स्वतःला बोलताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आणि मी, शाबासकी मिळाल्यासारखी, म्हणाले, "हाओ काकी. अगदी असंच."

त्यांनी मान हलवली आणि सूप उचललं.

त्यानंतरचा रविवार, त्यानंतरचा, त्यानंतरचा, काकी दारापाशी बसायच्या आणि "अजून कोणी?" असं पास्टरांनी विचारलं की खिडकीबाहेर पाहायच्या. उपासना वेळेवर संपायला लागली. तेलुगू मंडळींना कडुलिंबाखाली थांबावं लागेना. वहीची पानं कमी लागत होती आणि माझा हात दुखत नव्हता, एवढंच मी टिपलं. एकदा बाबा म्हणाले, "सोनाबाई काऊन उभी नाही राहून राह्यली?" मी म्हणाले, "सगळं ठीक असन."

इथे आजची एक गोष्ट लिहून ठेवते, कारण तिच्यामुळेच मी हे प्रकरण लिहायला घेतलं. मागच्या महिन्यात माझ्या वसतिगृहात रोज भात उरायला लागला. यादी तपासली, माप बरोबर होतं. मग पंगतीत उभी राहून पाहिलं, तर इंद्रवेल्लीकडून आलेली एक लहान मुलगी दुसऱ्यांदा भात घेईना. तिच्यापाठोपाठ तिच्या बाजूच्या दोघीही घेईनात. दोन दिवसांनी कळलं की एका मोठ्या मुलीने तिची नक्कल करून मोबाइलवर फिरवली होती: ती ताट कसं पुढे करते, 'अजून' कसं म्हणते. मी त्या मोठ्या मुलीला बोलावलं. ती म्हणाली, "मॅडम, मजाक होता. ती पण हसली होती." मी तिला शिक्षा केली नाही. समोर बसवलं आणि पुढचं सांगितलं.

कापूस संपला की वावरात पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या झाडांचे, खुंट उरतात, भाल्यासारखे तिरपे कापलेले. त्यातलाच एक काकींच्या चपलेतून पायात घुसला होता. हे आम्हाला उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, कळलं. लांब उपासना, बाहेर ऊन, पत्रे तापून कडकड वाजत होते. वाचन बाबांकडे होतं. शिपाई येशूला आत नेतात तो भाग. ते त्याचे कपडे काढतात, त्याला राजासारखा झगा घालतात, डोक्यावर काट्यांचा मुकुट ठेवतात, हातात काठी देतात, आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून, राजाला करावा तसा मुजरा करून हसतात. लहानपणापासून ऐकलेला भाग. त्या दिवशी तो ऐकताना मला पहिल्यांदा दिसलं की शिपायांनी येशूची नक्कल बसवली होती. झगा आणला होता, वाक्यं ठरवली होती, बघायला माणसं जमवली होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर हिरवी शाल आली, धुऊन घडी केलेली.

तेवढ्यात बाबा वाचता वाचता थांबले. मान वर करून त्यांनी वास घेतला. आम्हाला सगळ्यांना तो मघापासून येत होता आणि उंदीर मेला असावा असं समजून बायका नाकाला पदर लावून बसल्या होत्या. बाबांना तो वास ओळखीचा होता. त्यांनी पुस्तक मिटलं, सतरंज्यांमधून वाट काढत दारापर्यंत गेले आणि सोनाकाकींच्या पायाशी गुडघे टेकून बसले. काकींनी पाय लुगड्याखाली ओढून घेतला. बाबांनी तो हळूच बाहेर काढला. वर चिंध्या, त्यावर खताच्या पोत्याचं प्लास्टिक, दोरीने बांधलेलं. ते सोडल्यावर दोन बोटं काळी दिसली आणि काळेपणा वर चढलेला दिसला.

"कधीपासून हाय बाई?"

"पऱ्हाटी कापली तवापासून."

"अन् दर रविवारी इथंच बसून होती तू?"

काकींनी पाय परत लुगड्याखाली ओढायला पाहिलं.

आदिलाबादच्या इस्पितळात त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला. रक्तात साखर निघाली. ती कधीची होती कोणाला माहीत नव्हतं. डॉक्टर बाबांना म्हणाले की सुरुवातीलाच आणलं असतं तर धुऊन पट्टी बांधून भागलं असतं. म्हणजे जे काम बाबा रोज पंचवीस माणसांचं करायचे, तेच. घरी आल्यावर बाबांनी निळी वही काढली. नाताळपासून एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेले. काकींचं नाव कुठेच नव्हतं. वही टेबलावर उघडी ठेवून ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ धूत राहिले. त्या रविवारी, पुनरुत्थानाच्या सणाला, आईने रस्सा केला होता. भांडं तसंच्या तसं राहिलं.

मी बाबांबरोबर इस्पितळात गेले. काकी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. बाबा औषध आणायला गेल्यावर मी विचारलं, "काकी, तुमी सांगितलं काऊन नाही?"

"कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "शेळीपासून सुरू करा लागलं असतं."

त्यांनी बोटाने भिंतीवर एक रेघ ओढली.

"दोन डाव उठलो होतो वो. तू लिहून राह्यली होती खाली मान घालून, तुले दिसलं नाही. उठलो, तोंडात शेळी आली. मंग सगळे हसले ते आठवलं. बसून गेलो."

"मले माफ करा काकी."

"केलं." त्यांनी मान वळवली. "तू शाल घेऊन आली होती ना, त्याच दिवशी केलं. लेकरू हाय म्हटलं. पण माफ केलं म्हणून बोलता येते असं नाही इस्तर. ते गेलं."

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी मी उपासनेत उभी राहिले. काय बोलायचं ते मी मुद्द्यांनिशी लिहून नेलं होतं. कागद हातात धरून मी म्हणाले, "सोनाकाकी..." आणि लोक हसले. सगळे नाही, पण मागच्या सतरंज्यांवरून, पुरुषांच्या बाजूने, खिडकीतल्या पोरांकडून हसू आलं. मी उभी राहिले म्हणजे नक्कल, हे मीच त्यांना शिकवलं होतं. मी हसू थांबेपर्यंत उभी राहिले. मग कागद न पाहता सांगितलं की विनंतीची वही मी चोरून पाठ केली, शालीसाठी खोटं बोलले, आणि त्या बाईचा पाय माझ्यामुळे गेला. कोणी खाकरलं नाही. पास्टर म्हणाले, "आम्हीही हसलो होतो," आणि त्यांना पुढे प्रार्थना करता आली नाही. बाबांनी केली.

काकी पुढे बरीच वर्षं जगल्या. कुबडीवर चर्चला यायच्या, दारापाशी स्टुलावर बसायच्या. शेळी विकावी लागली. बाबा गेल्यावर वही माझ्याकडे आली. मी आदिलाबादला राहायला गेले तरी रविवारी गावी जायची, आणि जाताना आधी काकींच्या दारात थांबायची. "काकी, काही लिहू काय?" "नाही वो, सगळं ठीक हाय." दर वेळी हेच. मी कोणाचीही नक्कल पुन्हा केली नाही, पण त्याने काकींना काही परत मिळालं असं मी इथे लिहिणार नाही. मिळालं नाही.

चार पावसाळ्यांपूर्वी त्या अंथरुणाला खिळल्या. शनिवारी मी गेले तेव्हा डोळे मिटून पडल्या होत्या. मी नेहमीचं विचारलं आणि नेहमीचं उत्तर येईल म्हणून उठायला लागले.

"वही हाय काय?"

"हाय काकी."

"लिही." थोडा वेळ त्यांचे ओठ नुसतेच हलले. "मंग मी सकाळी जागी झालो. तं शेळी वरडली असं वाटलं. शेळी विकून किती वर्षं झाली, तरी वाटलं. बसचा आवाज आला. म्हटलं कंडक्टर वेगळा असन आता. शेजारीण चहा देऊन गेली, साखर नव्हती..." त्या थांबत थांबत सांगत होत्या आणि मी अक्षर न गाळता लिहीत होते. खूप फिरून झाल्यावर आवाज बारीक झाला. "अन् मले भेव लागून राह्यलं. एकटीनं जायाचं. थोडी प्रार्थना करा. एवढंच हाय, बसतो मी."

रविवारी मी ती विनंती वाचली. पहिल्या शब्दापासून, शेळीसकट, माझ्या आवाजात. काकींचा आवाज माझ्या गळ्यात अजून होता. तो वर येऊ नये म्हणून मी प्रत्येक वाक्यानंतर श्वास घेत होते. त्या नाताळला हजर असलेली काही म्हातारी माणसं समोर होती. कोणी हसलं नाही. शेवटचं वाक्यही वाचलं आणि बसले.

उपासना सुटल्यावर कोणी घरी जेवायला गेलं नाही. बायका सरळ काकींकडे गेल्या, दुपारून पुरुष गेले, तेलुगू मंडळीतल्या दोघी आल्या. पाळ्या ठरवाव्या लागल्या नाहीत. बुधवारी सकाळी त्या गेल्या तेव्हा खोलीत बसायला जागा नव्हती.

एका विनंतीला एक खूण, असा बाबांचा नियम होता. मी वही काकींच्या उशाशी ठेवली होती, लाल पेन्सिलीसकट. ती परत घेतली तेव्हा त्या पानावर नऊ खुणा होत्या, काही सरळ, काही थरथरत्या हाताच्या, एक तर उलटी. माझ्या बाकीच्या याद्या अजून चोख असतात. ते पान मी तसंच ठेवलं आहे.